वहीप्रमाणे घर

किशन गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या पुढच्या खोलीत ओणवा होऊन, जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतीला तळहात लावून बसलो होतो. शेजारी रंगारी उभा होता. पोपडे ओलीमुळं निघत नाहीत, आधीचा रंग हलका होता म्हणून निघतात, असं तो मला पटवत होता आणि त्यावर उपाय म्हणून भारीतला रंग सुचवत होता. फोनवर किशनचा मुलगा होता. "काका, बाबा गेले. सकाळी चहा मागितला, आईनं आणला, तर..." मला बोलायला काहीतरी सुचलं तेव्हा फोन बंद होऊन बराच वेळ झाला होता आणि माझा एक हात अजून भिंतीवरच होता. भिंत गार होती, ओली होती. रंगाऱ्याला म्हटलं, भाऊ, तुम्ही उद्या या.

याला आता पाच आठवडे होतील. मधल्या काळात हिंगोलीत शोकसभा झाली. तीत एका वक्त्यानं किशनला ग्रामविकासाचा दीपस्तंभ म्हटलं. समुद्रापासून इतक्या लांब दीपस्तंभाचं काय काम, असं माझ्या मनात आलं आणि शेजारच्या खुर्चीकडं बघून हसावं म्हणून मी मान वळवली, तर त्या खुर्चीत भलतंच कुणी बसलं होतं. पन्नास वर्षं असल्या सभांमध्ये माझ्या शेजारी किशन बसत आला होता... दुसऱ्या एकानं त्याचं निधन अकाली झाल्याचं सांगितलं. किशन ऐंशीला दोन कमी असताना, आपल्या अंथरुणात, चहाची वाट बघत गेला. ज्या घरात तो जन्मला त्या घरातलं कुणी इतक्या सावकाश मेलं नव्हतं. हे त्यानंच मला एकदा सांगितलं होतं, आणि कसं सांगितलं, ते पुढं येईल.

सत्तरीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, परभणीच्या पोटात होता. जवळा बाजारापासून बैलगाडीच्या वाटेनं दोन कोसांवर एक गाव आहे, तिथं मी शाळेवर मास्तर म्हणून गेलो आणि किशन त्याच महिन्यात ग्रामसेवक म्हणून आला. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या पाटलांची नातवंडं पेपर वाचतात. त्या दिवसांतलं मला जे आठवतं ते सगळं दुपारचंच आठवतं. आठवणीत त्या गावाला सकाळ नाहीच. पांढरं ऊन, चावडीपुढचा लिंब, ओढ्याकडून येणारा शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्यांचा आवाज, आणि ग्रामपंचायतीच्या एकुलत्या एका खोलीत टेबलाशी बसलेला शिडशिडीत किशन. ग्रामसेवकाला गाव भाऊसाहेब म्हणतं, म्हणून तोही अठ्ठाविसाव्या वर्षीच सगळ्यांचा भाऊसाहेब झाला होता. राहायला त्याला तीच खोली होती. गावात तीन खोल्या रिकाम्या असल्याचं मला माहीत होतं, कारण त्यांतली एक मी निवडली होती. किशन बौद्ध होता. त्याला कुणी नाही म्हणालं नाही. उरलेल्या दोन्ही खोल्यांत अचानक ज्वारीची पोती आली, एवढंच झालं. माझ्या घरमालकिणीनं एकदा त्याला ओट्यावर चहा दिला तो वेगळ्या कपात, आणि त्या कपाचा कान तुटलेला होता. किशननं कप दोन्ही हातांत धरला, उलटसुलट पाहिला आणि मला म्हणाला, "बरं हाय गुरुजी. याला कान न्हाई. याच्यापुढं मनातलं बोलता येतं." त्या दिवसापासून आम्ही मित्र झालो.

त्याच्या टेबलावर दोन वह्या असत. एक आकारणीची. तीत गावातलं प्रत्येक घर नंबरानं लिहिलेलं, भिंत कशाची, छप्पर कशाचं, लांबी-रुंदी, आणि शेवटच्या रकान्यात घराची ठरवलेली किंमत. दुसरी जन्म-मयतीची. घरांचा पहिला नंबर उंचावरच्या गढीशेजारी सुरू व्हायचा, तिथं धोंडबाराव पाटलांचं माळवद होतं. मग आळ्यांमागून आळ्या उतरत, शेळ्यामेंढ्यांवाल्यांची घरं ओलांडत नंबर खाली ओढ्यापर्यंत जात. तिथं बौद्धवस्ती होती, तुरीच्या काड्यांचे कूड, वर पाचट, आणि सगळ्यांत शेवटचा नंबर गयाबाईचा. गाव तिला गयामाय म्हणायचं. वहीचं पान उलटत गेलं की आपण पायऱ्या उतरत असल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी घरपट्टीसाठी नव्यानं आकारणी करायची होती. असल्या कामांत मास्तरला धरायचंच असतं, तसं मला धरलं. किशनच्या हातात खुणा केलेली काठी, माझ्या हातात वही. आणि मी पहिल्यांदाच पाहिलं की अख्खं गाव एका दिवसात गरीब कसं होतं. आम्ही येणार ही बातमी आदल्या दिवशीच फुटलेली असे. चुन्याच्या भिंतींवर घाईघाईनं शेण-मातीचा हात फिरवलेला असायचा, पितळी हंडे शेजारच्या विहिरीत सोडलेले असायचे. धोंडबारावांनी माळवदाच्या पुढं टिनाची नवी पडवी काढली होती; तिच्यावर त्यांनी कडब्याच्या पेंढ्या रचून टिन झाकून टाकले होते. "गवतच हाय भाऊसाहेब," ते म्हणाले. "टिन आमाला कुठून परवडावं." पावसाचे चार थेंब आले आणि गवत टिनासारखं वाजायला लागलं. किशननं वर पाहिलं. "पाटील, तुमचं गवत लई कडक हाय," तो म्हणाला. पाटलांनी गंभीरपणे मान डोलवली. पंचांपैकी दोघं सोबत होते, ते गवत म्हणाले, तिसऱ्यानं सही केली, म्हणून वहीत गवतच लिहिलं गेलं. पाटलांचे उरलेले टिन कडब्याच्या गंजीमागं उभे करून ठेवलेले मला दिसले होते. तेही लिहायचे नव्हते, कारण टिनाच्या नसलेल्या पडवीचे उरलेले टिन कुठून असणार.

किशन वहीतल्या रकान्यांशिवाय आणखी एक गोष्ट करायचा. घरात शिरला की जमिनीजवळ वाकून भिंतीला तळहात लावायचा, आणि तसाच क्षणभर थांबायचा, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा. मग मला समासात पेन्सिलीनं लिहायला सांगायचा... कोरडी. ओली. खिडकी नाही. शेळ्या आत. धूर. या गोष्टींना सरकारी नमुन्यात रकाना नव्हता. मी विचारलं, हे कशासाठी? "किंमत लिवायची तर घराची लिवावी," तो म्हणाला. "भिंतीची काय लिवायची."

पावसाळ्यात एका दुपारी त्यानं मला बोलावलं. बाहेर झिमझिम होती, खोलीत अर्धवट उजेड. मयतीची वही त्यानं माझ्यापुढं सरकवली, आकारणीची आपल्यापुढं ओढली. "घराचा नंबर सांगा गुरुजी. नाव नका सांगू." मी नंबर वाचत गेलो, तो आपल्या वहीत पेन्सिलीनं बारीक टिंबं देत गेला. सुरुवातीला मला तो खेळ वाटला. हळूहळू माझ्या लक्षात आलं की तो सुरुवातीची पानं क्वचितच उघडतोय. त्याचा हात बहुतेक वहीच्या शेवटाशीच फिरत होता. वरच्या आळीतलं एखादं टिंब पडे ते कुणा म्हाताऱ्याचं. खाली मात्र मरायला म्हातारं व्हायची गरज नव्हती. शेवटच्या पानाशी, सगळ्यांत कमी किमतीच्या घरांपुढं, पेन्सिलीनं कागद काळा झाला होता. गयामायच्या नंबरापुढं दोन टिंबं होती, दोन पावसाळ्यांतली, तिच्या मुलाची दोन लेकरं. दुसरं गेल्यावर मुलगा-सून गाव सोडून गेले होते. किशननं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "आमच्या घरी पाच लेकरं होती, गुरुजी. मी सगळ्यात मोठा. मोजायला मीच उरलो." मी शाळेत अंकगणित शिकवत होतो, पण त्या दुपारी मला कळलं की कागदावरच्या किमतीवरून त्या घरातलं आयुष्य किती, हे जवळपास सांगता येतं. एवढं कळायला फक्त दोन वह्या शेजारी ठेवाव्या लागतात. त्या तशा कुणी ठेवत नाही.

खरी चूक पुढं झाली. ग्रामपंचायतीनं नवी पाटी करून घेतली होती आणि तिच्या उद्घाटनाला तालुक्याचे साहेब यायचे होते. पाटी दोन हात लांब होती, हारच बारा हात. साहेबांनी पाटीवरचा पडदा ओढला, पाटीवर 'ग्रामपंचायत' असं लिहिलेलं सर्वांनी वाचलं आणि टाळ्या वाजवल्या. मग भाऊसाहेबांनी दोन शब्द बोलावेत असं ठरलं. किशन उभा राहिला आणि खरंच दोनच शब्द बोलला. म्हणाला, मी वह्या तपासल्यात, ज्या घराची किंमत वहीत कमी, त्या घरात मरण जास्त. याचा विचार व्हावा. तो विचार साहेबांकडून व्हावा अशी त्याची अपेक्षा होती. साहेबांनी तो तिथंच, माइकवर, केला. ते म्हणाले, ग्रामसेवकांनी फार मोलाचं सांगितलं, तेव्हा आपापल्या घराची किंमत कमी लावून घेणं सर्वांनी सोडून द्यावं.

जवळा बाजारचा आठवडी बाजार दोन दिवसांवर होता. बाजार उठेपर्यंत ही गोष्ट पंचक्रोशीत पोचली, आणि पोचताना नीट शहाणी होऊन पोचली. यमाकडं वही असतेच. ती ग्रामपंचायतीच्या वहीवरून उतरवून घेतात, आणि तो खालच्या किमतीपासून सुरुवात करतो. पुढच्या सोमवारी मी शाळेतून आलो तर किशनच्या दारापुढं रांग. ज्या लोकांनी महिन्यापूर्वी चुन्यावर शेण फासलं होतं, ते आता घर वाढवून लिहा म्हणत होते.

"भाऊसाहेब, माझ्या घराला मजला लिवा," एक जण.

"तुझ्या घराला मजला हाय का?"

"जिना हाय की. जिना हाय म्हंजी मजला आलाच."

मारोती नावाचा शेळ्यांवाला म्हणाला, "माझ्या शेळ्यांचा कोठा घरातच धरा. मोठं दिसंल." धोंडबाराव स्वतः आले, रांगेत न थांबता, आणि पडवीचा विषय काढला. किशन म्हणाला, "ती गवताची हाय ना पाटील?" "आता... गवत पिकून टिन झालंय म्हना," ते म्हणाले. किशननं कुणाचंही काही बदललं नाही. सगळ्यांना तो एकच सांगत होता. किंमत ही सावली हाय. सावली लांब केली म्हणून माणूस उंच होत न्हाई. भिंत कोरडी करा, खिडकी पाडा, शेळ्या बाहेर बांधा. लोक ऐकून घेत आणि शेवटी विचारत, ते करूच, पर लिवता काहून न्हाई?

तिसऱ्या दिवशी गयामाय आली. ती रांगेत उभी नव्हती. रांग संपल्यावर दारात येऊन बसली. तिची लेक शांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई धरणाच्या कामावर लांब. शांताला आठवा लागला होता.

"माझं घर दगडाचं लिव," गयामाय म्हणाली. "वर टिन लिव."

"गयामाय, घर कुडाचं हाय तुजं."

"मला ठावं न्हाई व्हय? मीच बांधलंय."

किशननं तिला सावलीची गोष्ट सांगितली. तिनं शांतपणे ऐकली. "तुजं बराबर असंल," ती म्हणाली. "तू शिकलेला हायेस. पर दोन लेकरं मी त्या कोपऱ्यातून उचलून नेली. आता शांता त्याच कोपऱ्यात निजून राहिली. मी रातभर जागी ऱ्हाते अन्‌ छपराकडं बघते. तू लिवलंस तर मला झोप लागंल. तुज्या दौतीतली शाई सरती का?"

ती गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा काहीच बोलली नाही, नुसती बसली. किशननं वही उघडली, शेवटचं पान काढलं आणि माझ्यासमोर, जुनी ओळ खोडून, सुवाच्य अक्षरात लिहिलं... भिंत दगडमातीची. छप्पर टिनाचं. जमीन कोरडी. मग तिला ते वाचून दाखवलं. गयामायनं डोळे मिटून ऐकलं, दोन वेळा मान हलवली आणि कमरेवर हात ठेवून उठली. "आता कसं," ती म्हणाली. ती गेल्यावर किशन माझ्याकडं न बघता म्हणाला, "माझ्या हातची पहिली खोटी नोंद, गुरुजी. झोपू द्या बाईला."

शांताला मुलगी झाली. थंडीत झाली, त्याच कोपऱ्यात झाली, आणि खणखणीत रडली. नाव सुमन ठेवलं. गयामायनं हे श्रेय सरळ वहीला दिलं आणि किशनला गुळाचा खडा आणून दिला. त्यानं तो टेबलावर ठेवला. मुंग्या लागेपर्यंत तो तिथंच होता.

उन्हाळा सरता सरता तालुक्याहून कागद आला. कुडाच्या घरांत राहणाऱ्यांना माळरानावर नवी घरं मिळणार होती. खोटं कशाला बोलू, घरं लहान होती पण वाईट नव्हती. उंचावर होती, जमीन मुरमाची होती. कुणाला द्यायची, ते आकारणीच्या वहीवरून ठरलं. बौद्धवस्तीतली जवळजवळ सगळी नावं यादीत आली. गयामायचं आलं नाही. तिचं घर दगडमातीचं होतं, वर टिन होते, जमीन कोरडी होती.

किशनचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला, आणि तसा तो नंतर कधी झाला नाही, मुलीच्या लग्नात दागिने हरवले तेव्हाही नाही. तो तालुक्याला गेला. एकदा नाही, चार-पाच वेळा. नोंद चुकीची आहे असं सांगून पाहिलं. शेवटी त्यानं लेखी दिलं की मी जाणूनबुजून खोटी नोंद केली आहे, मला काय करायचं ते करा, पण नाव घाला. साहेबांनी अर्ज दोन वेळा वाचला. ते म्हणाले, "नोंद खोटी असेल तर तुम्ही खोटे. नोंद खरी असेल तर बाई खोटी. आम्ही कुणाला खोटं ठरवावं?" यावर त्यांनी बराच विचार करून दोन्ही गोष्टी केल्या. किशनची बदली वारंगा फाट्याच्या बाजूला झाली आणि यादी तशीच राहिली.

पावसाळा लागला. वस्तीतली घरं एकेक करून वर माळावर गेली, ओढ्याकाठी कुडांच्या रिकाम्या चौकटी उरल्या आणि त्यांत एकटं गयामायचं घर. श्रावणात सुमनला ताप भरला. छातीत घरघर. मी गेलो तेव्हा आत धूर होता, कारण ओली लाकडं; दार लावलेलं, कारण पाऊस. शांता मुलीला उभी धरून बसली होती, जमिनीवर निजवलं की तिचा श्वास अडायचा. गयामाय भिंतीशी बसून एकच वाक्य पुटपुटत होती. "लिवलंय की. लिवलंय की समदं." मी किशनला निरोप पाठवला. तो एस.टी. बदलत दुसऱ्या दिवशी दुपारी आला, चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेला. आम्ही पोरीला औंढ्याला दवाखान्यात नेलं. बैलगाडीत शांता, तिच्या मांडीवर सुमन, वर पोत्याचं घोंगतं, आणि किशन गाडीमागं चालत. त्याची नजर त्या पोत्याच्या हलणाऱ्या कडेवर होती. पोत्याखालून घरघर ऐकू येई तोवर तो चालत होता. ती मधेच थांबली की तोही थांबायचा... मग पुन्हा येई, की पुन्हा चालायला लागायचा.

पोर वाचली. आठवड्यानं डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण ओलीत निजवू नका. हे त्यांनी सहज सांगितलं, जेवणानंतर गोळी घ्या म्हणावं तसं. परतीच्या वाटेवर पाऊस उघडला होता. गावाच्या अलीकडं एका दगडावर किशन बसला आणि म्हणाला, "वही काही दुरुस्त व्हायची न्हाई, गुरुजी. मग घर दुरुस्त करावं लागंल. वहीप्रमाणे."

आणि त्यानं ते केलं. शांता आणि सुमन तोवर शाळेत, माझ्या वर्गाच्या मागच्या खोलीत राहिल्या. मी पाढे घोकून घेत असताना मागून पोरीचं रडणं यायचं आणि वर्ग खूश व्हायचा. दर रविवारी किशन वारंग्याहून यायचा. ओढ्यातले दगड गयामाय आणि शांता डोक्यावर आणायच्या, मी चिखल तुडवायचो. मास्तर चिखल तुडवतो हे बघायला लोक यायचे. त्यांतला मारोती दुसऱ्या रविवारी धोतर खोचून चिखलात उतरला. म्हणाला, बघून राहिलो तर तकलीफ जास्त होती. मुरूम माळावरून आणून जमीन हातभर उचलली, धुमसानं ठोकली. भिंती उभ्या राहिल्या. टिनाचं काय, असा प्रश्न आला. किशन सरळ धोंडबारावांच्या ओट्यावर गेला. मी मागं होतोच.

"पाटील, तुमच्याकडं टिन न्हाईत असं वहीत हाय," तो म्हणाला.

"मग?"

"कडब्यामागं जे उभे हायेत, ते कुणाचे?"

पाटलांनी पान लावलं. चुना नीट पसरला. "आमचे न्हाईत," ते म्हणाले. "आमचे असते तर वहीत आले असते."

"मग उचलू का?"

"उचला. नसलेली वस्तू गेली तर आमचं काय जातंय." आणि आम्ही उंबरठा ओलांडताना मागून म्हणाले, "वरच्या अंगाचे घ्या. खालचे गंजलेत."

खिडकीला वहीत रकाना नव्हता, पण किशननं ती धरलीच होती. चौकट मी दिली. शाळेचा एक फळा मधोमध तडकला होता, तो मी जडवस्तूंच्या यादीत पूर्ण निकामी लिहून टाकला. त्याची लाकडी चौकट सागाची होती आणि उत्तम होती. म्हणजे खोटी नोंद करणारा तो एकटा नव्हता.

शेवटच्या रविवारची दुपार मला सगळ्यांत स्वच्छ आठवते. पाऊस गेलेला, ओढ्याकाठी रानफुलं, चौकटीतून उन्हाचा एक चौकोन मुरमाच्या जमिनीवर पडलेला. फळ्यावर उजेड लिहिल्यासारखा तो दिसत होता. किशन मधोमध उभा राहिला आणि वही समोर नसताना वाचू लागला, त्याच सुरात, ज्या सुरात त्यानं गयामायला वाचून दाखवलं होतं. "भिंत दगडमातीची..." हातानं भिंत थोपटली. "हाय. छप्पर टिनाचं..." वर पाहिलं. "हाय. जमीन कोरडी..." तो वाकला, त्या जुन्या कोपऱ्यात गेला आणि भिंतीच्या तळाशी हात टेकवून थांबला. आम्ही सगळे थांबलो. गयामाय दारात होती, शांताच्या कडेवर सुमन. किशन फार वेळ तसाच राहिला. त्याला काय दिसत होतं, त्याच्या घरची चार लेकरं, की गाडीवरचं ते पोतं, मी कधी विचारलं नाही. मग तो म्हणाला, "हाय." गयामायनं सुमनला घेतलं आणि त्या कोपऱ्यात, उन्हाच्या चौकोनाशेजारी निजवलं.

पुढं किशननं बरीच गावं पाहिली, निवृत्त झाला, हिंगोलीत छोटं घर बांधलं. खिडक्या इतक्या ठेवल्या की त्याची बायको म्हणायची, हे घर आहे का चाळणी. गावोगाव तो त्या दोन वह्या शेजारी ठेवायचा आणि वरच्यांना पत्रं लिहायचा. पत्रांना उत्तरं आली नाहीत. त्या एका घरामुळं आपण काही मोठं केलं असं त्याला कधी वाटलं नाही. उलट, यादीत नाव असतं तर पोरीला तो ताप आलाच नसता, असं तो शेवटपर्यंत म्हणायचा. मी वाद घालत नसे.

शोकसभेनंतर काही दिवसांनी मी त्या गावी जाऊन आलो. आता रस्ता डांबरी आहे. ओढ्याकाठी एकच घर. पुढून सिमेंटचा गिलावा, वर गच्ची, पण मागची खोली तीच, दगडमातीची, आणि फळ्याची चौकटही तीच, निळ्या रंगानं रंगवलेली. सुमन घरी होती. तिला मी आठवत नव्हतो. आठवायचं वय तिचं तेव्हा नव्हतंच. जुने गुरुजी म्हटल्यावर तिनं त्या मागच्या खोलीत खुर्ची दिली, चहा टाकला. तिची लेक बाळंतपणाला आली होती. बोलता बोलता तिनं नातवाला निजवायला वाकळ काढली, आणि ती पसरण्याआधी वाकून भिंतीच्या तळाला तळहात लावला. क्षणभर थांबली. मग वाकळ पसरली.

"हात काहून लावला, बाई?" मी विचारलं.

तिला प्रश्नच कळला नाही. "आजी लावायची," ती म्हणाली. "आईबी लावती. लेकरू टेकवायच्या आधी लावावा लागतो."

"कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पाह्यजे? रीतच हाय ती."

ही रीत कुणाची, हे मी तिला सांगणार होतो. तोंडापर्यंत आलंही होतं. मग वाटलं, असू दे. सभेत त्याला जे काय म्हटलं गेलं त्यापेक्षा हे बरं होतं. सुमन चहा आणायला गेली. नातू झोपेत हसत होता, चौकटीतून आलेला दुपारचा चौकोन त्याच्या पायांपाशी येऊन थांबला होता. मी खुर्चीवरून उतरलो, गुडघे कुरकुरले, आणि भिंतीला हात लावला.

कोरडी होती.